गवताला मालक होता तेव्हा

नाशिकमध्ये सातपूरच्या कारखान्यांच्या भिंती संपल्या की त्र्यंबक रस्त्याच्या दोन्ही अंगांना डोंगर सुरू होतात आणि अंजनेरी, ब्रह्मगिरीपर्यंत जातात. होळीच्या सुमारास तिथले गवत कडकडीत वाळते आणि दरवर्षी कुठे ना कुठे वणवा पेटतो. त्याचे खापर बहुधा राब भाजणाऱ्या आदिवासी शेतकऱ्यावर फुटते. या भागाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. पाड्यांना वणव्यापासून वाचवले ते गवताच्या गरजेने. ती गरज आटली आणि जंगलावरचा हक्क सैल झाला, तसा धोका वाढत गेला.

राब ही बेफिकिरीने लावलेली आग नव्हे. नागली किंवा भाताचे रोप जिथे टाकायचे, त्या छोट्या तुकड्यावर शेण, ऐनाचे टहाळे, पालापाचोळा आणि गवत थरांनी पसरायचे, वर बारीक माती टाकायची, कडेचे गवत आधीच खरवडून काढायचे आणि वारा पडलेला असताना वाऱ्याच्या उलट दिशेने पेटवायचे. अशी आग पुढे धावत नाही, धुमसत राहते. तण मरते, रोप जोमदार येते. इंग्रजी वनखात्याला त्यात फक्त झाडांची नासाडी दिसली. 1860 च्या दशकात मध्य प्रांतातल्या बोरीच्या जंगलात पिअरसन या अधिकाऱ्याने जाळरेषा (गवत काढून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्या) आखून आग रोखून दाखवली होती. 1878 च्या वनकायद्याने राखीव जंगलात आग लावणे गुन्हा ठरवले. शेजारच्या ठाणे-कुलाब्यात राबावरच्या बंधनांवरून एवढा असंतोष माजला की 1885 मध्ये मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला.

1927 च्या वनकायद्यातली दोन कलमे इथे शेजारी ठेवून वाचावीत. कलम 79 प्रमाणे जंगलात हक्क असलेल्या प्रत्येकाने आगीची खबर द्यायची आणि ती विझवायला धावायचे. कलम 26 प्रमाणे आग मुद्दाम किंवा घोर हलगर्जीने लागली असेल, तर सरकार त्या भागातले चराईचे आणि वनोपजाचे हक्कच स्थगित करू शकते. एकाच्या चुकीसाठी साऱ्या गावाची गुरे उपाशी राहू शकतात, असा हा नियम. खबर देण्यात गावाचे नुकसान असेल तर खबर कोण देईल? माझ्या मते वनसंरक्षणाच्या इतिहासातली ही सर्वांत महागडी चूक आहे.

तरीही पाडे टिकले, कारण गवत उभे राहतच नसे. दिवाळीनंतर ते कापून घराच्या छपरासाठी आणि गुरांसाठी वाहून आणले जाई. कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप असे. आता छपरांवर पत्रे आहेत, बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली आहे, तरणी माणसे कामाला शहरात जातात आणि डोंगरावरचे गवत उन्हाळ्यापर्यंत कंबरभर उभे राहते. पत्र्याचे घर जळत नाही, मग भीती कसली, असे कुणी म्हणेल. अमेरिकी संशोधक जॅक कोहेन यांनी कॅनडात जंगल पेटवून केलेल्या प्रयोगांत 30 मीटरवरच्या लाकडी भिंतीही पेटल्या नाहीत. म्हणजे घर जाते ते दूरच्या ज्वाळांमुळे नव्हे, तर त्याच्या अगदी जवळच्या सुक्या सामानामुळे. आपल्याकडे हे सामान म्हणजे भिंतीला लागून रचलेली चाऱ्याची गंजी, सरपणाचा ढीग आणि कुडाचा गोठा. ठिणगी तिथे पडते आणि दावणीला बांधलेली जनावरे आधी होरपळतात. गंजी घरापासून दूर हलवणे आणि अंगणाभोवतीची पट्टी माघातच साफ करणे याला पैसे फारसे लागत नाहीत, माणसे लागतात.

गावकरीच डोंगर पेटवतात, हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. जाळले की गवत चांगले फुटते, ही समजूत आहेच; कोवळा कोंब लवकर दिसतो, पण उघडी पडलेली माती पहिल्या पावसात वाहून जाते. मात्र रस्त्याकडेला फेकलेली जळती बिडी आणि पर्यटकांची चूलही तेवढीच दोषी आहे. शहर या डोंगरांपर्यंत पोहोचलेच आहे: 2015 मध्ये नाशिककरांनी सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर हजारो देशी झाडांची देवराई उभी केली. शहराच्या इतक्या जवळच्या जंगलाच्या कडेला सगळा दोष पाड्यांच्या माथी मारता येत नाही. मुद्दाम लावलेली आग थांबते कशी, याचे उत्तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावात मिळते. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाल्यावर बांबूची कमाई हाती आली आणि ग्रामसभेने तेंदूपाने तोडणेच बंद केले, कारण तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून जंगलात आगी लावल्या जात. हातचे उत्पन्न सोडायला त्या गावाला कुठल्याही दंडाची गरज पडली नाही.