खडवलीत फुलपाखरं बघायची आहेत? कधी जायचं, कुठं थांबायचं, फोटो कसा काढायचा. वाचा सविस्तर माहिती

कल्याणहून कसारा किंवा आसनगाव लोकल पकडली की टिटवाळ्याच्या पुढचं स्टेशन खडवली. बहुतेकांना हे गाव माहीत आहे ते भातसा नदीमुळे. सुट्टीच्या दिवशी मुंबई, ठाणे, डोंबिवलीहून माणसं इथं नदीवर येतात. पण याच नदीचा काठ, आजूबाजूचे भाताचे बांध, माळ आणि वाड्या इथं आणखी एक छंद करता येतो. तो म्हणजे फुलपाखरं बघणं आणि त्यांचे फोटो काढणं.

या छंदाला महागडा कॅमेरा लागत नाही, साधा मोबाइलही चालतो. लागते ती सकाळची वेळ, थोडा धीर आणि झाडं ओळखायची सवय. शिवाय तारीख आणि जागा लिहून ठेवलेला फोटो गावाच्या सरकारी नोंदवहीतही उपयोगी पडू शकतो. ते कसं, हे लेखात पुढे दिलं आहे.

खडवलीच का?

मुंबईला पाणी पुरवणाऱ्या भातसा धरणाचं पाणी नदीच्याच पात्रातून पिसे बंधाऱ्यापर्यंत जातं. त्यामुळे आसपासचे ओहोळ फेब्रुवारी-मार्चमध्ये आटले तरी भातसा वाहती राहते आणि काठची वाळू, माती ओली असते. ही ओली माती फुलपाखरांच्या फार कामाची. फुलांतल्या मधात साखर असते, पण क्षार फार कमी असतात. ते क्षार मिळवण्यासाठी फुलपाखरं, त्यातही जास्त करून नर, ओल्या मातीवर बसून सोंडेनं पाणी शोषतात. याला चिखलपान म्हणतात. पिवळी-पांढरी एमिग्रंट, निळसर पट्ट्याची कॉमन ब्लूबॉटल, हिरव्या ठिपक्यांची कॉमन जे अशी फुलपाखरं या वेळी घोळक्यानं बसतात. एरवी क्षणभर न थांबणारं फुलपाखरू चिखलपान करताना काही मिनिटं एकाच जागी सापडतं. नवख्या फोटोग्राफरसाठी यापेक्षा चांगली संधी नाही.

दुसरं कारण म्हणजे इथं थोड्या अंतरात जागा बदलत जाते. नदीकाठ, भातशेती, गवताळ माळ, घरामागच्या वाड्या आणि पूर्वेला शहापूर तालुक्याकडे वाढत जाणारं जंगल. प्रत्येक जागेची झाडं वेगळी, म्हणून फुलपाखरंही वेगळी.

कधी जायचं?

- सप्टेंबर ते नोव्हेंबर: सर्वांत चांगला काळ. पावसात वाढलेल्या पाल्यावर अळ्या पोसल्या गेलेल्या असतात आणि फुलंही भरपूर असतात.
- डिसेंबर ते फेब्रुवारी: संख्या कमी होते, पण थंडीत फुलपाखरं सकाळी बराच वेळ उन्हात पंख पसरून बसतात. फोटोला सोपं.
- मार्च ते मे: माळावर फारसं काही दिसत नाही. नदीकाठ आणि सावलीच्या वाड्या बघाव्यात.
- जून ते ऑगस्ट: पावसाची उघडीप असेल तेव्हाच. अंडी आणि अळ्या शोधायला हा काळ चांगला.

वेळ साधारण सकाळी ८ ते ११. फुलपाखराचं अंग उन्हानं तापल्याशिवाय त्याला नीट उडता येत नाही. म्हणून ऊन वर यायला लागलं की ते आधी पानावर बसून पंख शेकतं. डोक्यावर ऊन आलं की मात्र हाती लागत नाही.

आधी झाड ओळखा

नवे लोक फुलांमागे धावतात. जाणकार पानं बघतात. कारण फुलपाखरू मध कुठल्याही फुलावर पितं, पण मादी अंडी घालते ती ठरावीक झाडावरच. अळीला तोच पाला चालतो, दुसरा नाही. आपल्या भागात सहज सापडणारी झाडं आणि त्यांच्यावर वाढणारी फुलपाखरं अशी:

- लिंबू, कढीपत्ता: लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन
- रुई: प्लेन टायगर
- बहावा, टाकळा: एमिग्रंट जातीची फुलपाखरं
- आंबा: कॉमन बॅरन
- आंब्यावरचं बांडगूळ: कॉमन जेझबेल
- एरंड: कॉमन कॅस्टर
- उंबर, कण्हेर: कॉमन क्रो
- सीताफळ, अशोक: टेल्ड जे
- ईश्वरीचा वेल: कॉमन रोझ आणि क्रिमसन रोझ
- घोळ: डॅनेड एगफ्लाय
- गवत, भात: कॉमन इव्हनिंग ब्राउन

ही यादी नीट बघितली तर लक्षात येईल की यातली निम्मी झाडं आपण तण किंवा कचरा म्हणून काढून टाकतो. रुई उपटली जाते, बांधावरचा टाकळा साफ होतो, ईश्वरीचा वेल कुंपणाबरोबर जातो. नदीकाठच्या जमिनीचे प्लॉट पडले की जेसीबी पहिल्यांदा फिरतो तो यांच्यावरच. झाड गेलं की त्यावर वाढणारं फुलपाखरूही त्या जागेवरून जातं. फुलांच्या कुंड्या ठेवून ते परत येत नाही.

अंड्यातून अळी बाहेर यायला तीन ते पाच दिवस, अळीचे दोन-तीन आठवडे आणि कोषाचा साधारण आठवडा ते दीड आठवडा. उबदार दिवसांत महिनाभरात हे चक्र पूर्ण होतं. घरच्या कढीपत्त्यावर हे सगळं बघता येतं. लाइमची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. तिला डिवचलं तर मानेतून लाल-केशरी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हा तिचा बचाव आहे, विष नाही.

राज्य फुलपाखरू नीलवंत

शेकरू, हरियाल, आंबा आणि ताम्हण या राज्यचिन्हांच्या पंक्तीत २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉन या फुलपाखराला स्थान मिळालं. राज्य फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. मराठीत त्याला नीलवंत किंवा राणी पाकोळी म्हणतात. मखमली काळे पंख, त्यावर फिकट निळे पट्टे आणि पंखांचा विस्तार १२ ते १५ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास तळहाताएवढं. त्याची अळी लिंबू, पपनस, माकडलिंबू अशा लिंबूवर्गीय झाडांवर वाढते. त्यामुळे ते फक्त जंगलात दिसतं असं नाही. सावलीच्या जुन्या वाड्यांतही येतं.

इंग्रजी नावं अवघड वाटतात अशी अनेकांची तक्रार असते. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळानं राज्यातल्या २७७ फुलपाखरांना मराठी नावं दिली आहेत. शाळांनी ती जरूर वापरावीत.

नकलाकार फुलपाखरं

ओळखताना पहिली फसगत इथं होते. रुईचा पाला खाल्ल्यामुळे प्लेन टायगर चवीला कडू असतं, पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. डॅनेड एगफ्लायची मादी हुबेहूब त्याच्यासारखीच दिसते, त्यामुळे तीही वाचते. तिचा नर मात्र काळा, पांढऱ्या मोठ्या ठिपक्यांचा. नर-मादी एका जातीचे आहेत हे पटणं कठीण जातं.

कॉमन मॉरमॉनच्या माद्यांमध्ये काही नरासारख्या, काही कॉमन रोझसारख्या तर काही क्रिमसन रोझसारख्या दिसतात. हा फरक डबलसेक्स नावाच्या एका जनुकामुळे होतो, असं कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात दाखवून दिलं. ज्या फुलपाखरावर जगभर चर्चा झाली, ते आपल्या परसातल्या कढीपत्त्यावर वाढतं. नक्कल आणि अस्सल ओळखायची एक सोपी खूण अशी: रोझ फुलपाखरांचं अंग लाल असतं, मॉरमॉनचं काळं.

फोटो कसा काढायचा?

१. फुलपाखराला हालचाल चटकन कळते. सरळ चालत जाऊ नका. खाली बसून हळूहळू पुढे सरका.
२. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका. सावली पडली की ते उडतं.
३. मोबाइल असेल तर अगदी जवळ नेण्याऐवजी दोनपट झूम वापरा. स्क्रीनवर बोट ठेवून फोकस पक्का करा आणि एका वेळी आठ-दहा फोटो घ्या.
४. कॅमेरा असेल तर शटर १/५०० सेकंदाच्या आसपास आणि अॅपर्चर एफ ८ ठेवून सुरुवात करा. ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स सोयीची, पण नसली तरी अडत नाही.
५. कॅमेरा पंखांना समांतर धरा, म्हणजे पूर्ण पंख स्पष्ट येतो. फोकस डोळ्यावर ठेवा.
६. पंखांची वरची आणि खालची, दोन्ही बाजू घ्या. अनेक जाती खालच्या बाजूवरूनच नक्की ओळखता येतात.
७. एक फोटो लांबून, झाडासकट घ्या. देखणा नसला तरी नोंदीसाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा ठरतो.

हे मात्र करू नका

चांगल्या फोटोसाठी फुलपाखरू पकडणं, ते सुस्त व्हावं म्हणून फ्रिजमध्ये ठेवणं, कोष तोडून सोयीच्या फांदीवर बांधणं असले प्रकार होतात. यात फुलपाखरू जखमी होतं किंवा मरतं. काही फुलपाखरं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या संरक्षित यादीत आहेत. त्यांना पकडणं किंवा मारणं गुन्हा आहे. तानसासारख्या अभयारण्यात जायचं असेल तर आधी वन विभागाची परवानगी घ्या. शेतात किंवा वाडीत शिरण्यापूर्वी मालकाला विचारा. भात उभा असताना बांध तुडवू नका.

नदीकाठची खबरदारी

खडवलीच्या नदीत बुडून माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो. वरून शांत दिसणाऱ्या पात्रात खोल डोह आहेत. पावसाळ्यात भातसा धरणाचे दरवाजे उघडले की पाणी झपाट्यानं वाढतं. मनाई आदेश असेल तेव्हा काठावर जाऊ नये. एरवीही डोळा कॅमेऱ्याला लावून पाण्याच्या दिशेनं मागे-पुढे सरकू नका. दोघं असतील तर एकानं लक्ष ठेवावं. गवतात पायात बूट हवेत, सापांची भीती असतेच. गावकऱ्यांनी नको म्हटलं त्या ठिकाणी उतरू नका.

वाडीवाल्यांसाठी दोन शब्द

लिंबाच्या लहान रोपांवर अळ्या जास्त झाल्या तर नुकसान होतं, हे खरं आहे. पण परसातल्या चार झाडांसाठी फवारा मारायची गरज नाही. अळ्या हातानं उचलून मोठ्या झाडावर सोडल्या तरी काम भागतं. मोठं झाड तेवढा पाला सहज सोसतं. बांधाच्या एका कोपऱ्यात रुई, टाकळा, खुळखुळा राहू दिला तर पिकाला त्रास होत नाही. वाळलेल्या खुळखुळ्यावर टायगर आणि क्रो फुलपाखरं झुंबडीनं येतात. माळावरचा वणवा मात्र अंडी, अळ्या, कोष सगळंच जाळून जातो.

नोंद कुठं करायची?

फोटो स्टेटसला टाकला की चोवीस तासांत गेला. तोच फोटो तारीख, गाव आणि झाडाच्या नावासह आय-नॅचरलिस्ट या मोफत अॅपवर टाकला तर जाणकार ओळख पटवून देतात आणि नोंद कायम राहते. २०२० पासून दर सप्टेंबरमध्ये देशभर बिग बटरफ्लाय मंथ साजरा होतो. सुरुवात करायला तो महिना उत्तम.

गावासाठी त्याहून महत्त्वाची आहे लोक जैवविविधता नोंदवही. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि गावातल्या झाडं-प्राण्यांची नोंद ठेवणं हे तिचं काम आहे. आपल्या ग्रामपंचायतीत ही वही कुठं आहे, त्यात फुलपाखरांचं पान आहे का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारा. वर्षभराचे फोटो, तारखा आणि जागा समितीकडे लेखी द्या. शाळेतली मुलं हे काम चांगलं करू शकतात. नदीकाठ झपाट्यानं बदलतो आहे. उद्या एखादं फुलपाखरू दिसेनासं झालं तर ते इथं होतं, हे दाखवायला ही नोंदच हाती असेल.

शिकायला कुठं जायचं?

- ओवळेकर वाडी, घोडबंदर रोड, ठाणे: राजेंद्र ओवळेकर यांनी स्वतःच्या जमिनीवर खाद्यझाडं लावून उभी केलेली खुली फुलपाखरू बाग. जाळीत कोंडलेली नाही, फुलपाखरं बाहेरून येतात. साधारण रविवारी सकाळी खुली असते, जाण्यापूर्वी चौकशी करावी.
- पुस्तकं: आयझॅक किहिमकर यांचं बीएनएचएसचं 'द बुक ऑफ इंडियन बटरफ्लाइज' (२००८) आणि कृष्णमेघ कुंटे यांचं 'बटरफ्लाइज ऑफ पेनिन्सुलर इंडिया' (२०००). दोन्ही इंग्रजीत आहेत, पण चित्रांवरून ओळख पटते.

पहिल्याच दिवशी पन्नास जाती शोधायला जाऊ नका. घराजवळचं एक लिंबाचं झाड, एक रुई आणि नदीकाठचा एक ओला तुकडा ठरवा. दर रविवारी तिथं अर्धा तास थांबा. कॉमन इव्हनिंग ब्राउनच्या पंखाखालचे डोळ्यांसारखे ठिपके पावसाळ्यात ठळक असतात आणि कोरड्या दिवसांत जवळपास नाहीसे होतात. असे बदल रोजच्या जागेवरच लक्षात येतात, आणि वहीत लिहून ठेवले तर पुढच्या वर्षी ताडून बघता येतात.