कडबाकुट्टीच्या पात्याचा बोल्ट निघत नसेल तर काय करावे?

पात्याचा बोल्ट सैल राहिला तर चालू कडबाकुट्टीतून पातं सुटून जीवावर बेतू शकतं. त्यामुळे डोकं गोल झालेला किंवा आटे गेलेला बोल्ट तसाच ठेवू नका.

आधी मेन स्विच बंद करा आणि चाकाला लाकडी ठोकळा लावा. बोल्टवर गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा. सकाळी हातोडीने हलके ठोके देऊन रिंग पाना लावा. तरीही हलला नाही तर तेल पुसून वेल्डरकडून डोक्यावर नट वेल्ड करून घ्या. गॅसने पातं तापवू नका, त्याचं पाणी उतरतं.

नवा बोल्ट त्याच मापाचा घ्या, डोक्यावरचा ग्रेडचा आकडा (उदा. ८.८) जुळवा. थोडा वेळ मशीन चालवून बंद करा आणि सगळे बोल्ट पुन्हा आवळा.