शिरोबिंदूवर कोण?

किशोरवयीन वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या अमेरिकी कादंबऱ्यांवर एक आरोप नेहमी होतो: राज्य उलथायचं असो की राक्षस मारायचा असो, शेवटी गोष्ट येते ती एक मुलगी आणि दोन मुलगे यांच्यावरच. आरोप खरा आहे, पण त्यात इतिहास धरलेला नाही. प्रेमत्रिकोण जुनाच, या साहित्यात बदलत गेलं ते त्याच्या शिरोबिंदूवरचं माणूस. दोघं ज्याची वाट पाहतात, निवडीचा हक्क त्याचा असतो, आणि हा हक्क मुलीच्या हाती यायला बराच काळ लागला. डिसेंबर १९४१मध्ये चित्रकथांत आर्ची हा शाळकरी मुलगा अवतरला. बेटी त्याच्याबरोबरच आली, पुढच्या वर्षी व्हेरॉनिका. दोघी जिवलग मैत्रिणी, दोघींची ओढ आर्चीकडे, आणि आर्चीला निर्णयाची कसलीच घाई नाही. २००९मध्ये ६००व्या अंकापासून त्याचं लग्न दाखवलं, तेही आधी व्हेरॉनिकाशी आणि मग दुसऱ्या एका संभाव्य भविष्यात बेटीशी. १९८३मध्ये फ्रॅन्सिन पास्कल यांची ‘स्वीट व्हॅली हाय’ ही मालिका सुरू झाली. ‘डबल लव्ह’ या तिच्या पहिल्याच पुस्तकात जेसिका आणि एलिझाबेथ या जुळ्या बहिणींचा जीव एकाच टॉडवर जडतो. नायिका मुली, मालिकाही मुलींसाठीच काढलेली, तरी त्रिकोणाच्या टोकावर मुलगाच. १९९१मध्ये एल. जे. स्मिथ यांच्या ‘द व्हॅम्पायर डायरीज’मध्ये मात्र स्टीफन आणि डेमन हे दोन भाऊ एलिनासाठी झुरतात. आठ वर्षांत जागांची अशी अदलाबदल झाली, आणि माझ्या मते या साहित्यप्रकारातली ती मोठी घटना आहे.

यावर कुणी म्हणेल, हा सगळा प्रकाशकांचा धंदा आहे. मालिका खपवायची तर पुढच्या भागापर्यंत एक प्रश्न लटकता ठेवावा लागतो, आणि ‘ती कुणाला होकार देणार?’ याइतका स्वस्त प्रश्न दुसरा नाही. धंदा आहेच, ‘द व्हॅम्पायर डायरीज’सुद्धा पुस्तकं घडवून घेणाऱ्या कंपनीने मागणी देऊन लिहून घेतली होती. पण एवढ्याने उलगडा होत नाही, कारण हा दबाव त्याहून फार जुना आहे. लुइझा मे ऑलकट यांच्या ‘लिटल विमेन’चा पहिला भाग १८६८मध्ये निघाला आणि दुसरा १८६९मध्ये. मधल्या महिन्यांत मुलींची पत्रं येऊ लागली: नायिका जोचं लग्न शेजारच्या लॉरीशी लावा. ऑलकटना तर जोने अविवाहित लेखिका राहावं असं वाटत होतं. लग्न टाळणं बाजाराने अशक्य केलं, तेव्हा त्यांनी लॉरीला जोची धाकटी बहीण एमी हिच्या पदरात घातलं आणि जोसाठी वयाने मोठे, गरीब प्राध्यापक भेअर आणले. बाजाराने नवरा मागितला. पण तो लॉरी नसेल, हे लेखिकेने ठरवलं. वाचकांना हवं असलेलं स्थळ जो नाकारते, आणि तिचं नाकारणं आजही वाचणाऱ्याला सलतं. मागणी बाजाराची असली, तरी तिचं काय करायचं हे लेखिकेच्या हातात उरतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: दोन मुलांतला एक निवडणं हे कसलं स्वातंत्र्य? मुलीचं अख्खं जग त्या दोघांपुरतंच होतं. २००५मध्ये आलेल्या स्टेफनी मायर यांच्या ‘ट्वायलाइट’बाबत मला हे मान्य करावं लागतं. नायिका बेलाचं मन एडवर्डवर केव्हाच बसलेलं आहे. तिच्यासाठी झुरणारा दुसरा मुलगा जेकब पहिल्या पुस्तकात जेमतेम येतो. पुढे तो वाढतो, वाचक ‘टीम एडवर्ड’ आणि ‘टीम जेकब’ अशा गटांत विभागतात, पण बेलाला खरोखर काही गमवावं लागत नाही. शेवटी जेकबचं मन तिच्या नवजात मुलीशी जन्माचं बांधलं जातं आणि प्रश्नच मिटवून टाकला जातो. किंमत मोजावी न लागणाऱ्या निवडीला मी निवड म्हणणार नाही. पण दोष त्रिकोणाचा नाही, तो कसा वापरला त्याचा आहे. अ‍ॅली काँडी यांच्या ‘मॅच्ड’मध्ये (२०१०) जोडीदार सरकार ठरवतं, त्यामुळे नायिका कॅसियाने दुसऱ्या मुलाचा नुसता विचार करणं हेच बंड ठरतं.

या आक्षेपाला सगळ्यात भक्कम उत्तर सुझन कॉलिन्स यांनी २००८ ते २०१० या काळातल्या ‘द हंगर गेम्स’च्या तीन पुस्तकांत दिलं आहे. टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या जीवघेण्या खेळात उतरवलेल्या कॅटनिस आणि पीटा यांचं प्रेम, निदान तिच्या बाजूने, सुरुवातीला कॅमेऱ्यासमोरचं आहे. प्रेक्षक हळहळले तर मदत मिळेल आणि जीव वाचेल, म्हणून ते रंगवायचं. गट पाडून पाहणाऱ्या वाचकालाच इथे कॅपिटल या सत्ताधारी राजधानीतल्या प्रेक्षकांत नेऊन बसवलं आहे. गेल हा कॅटनिसचा शिकारीतला सोबती, तिच्यासारखाच संतापलेला. पुढे कॅपिटलविरुद्धच्या युद्धात तो एका सापळ्याची कल्पना लढवतो: आधी एक स्फोट, मग जखमींसाठी माणसं धावून आली की दुसरा. तशाच बॉम्बने कॅटनिसची धाकटी बहीण प्रिम मरते. तो बॉम्ब गेलच्या कल्पनेतूनच बनला होता की नाही, हे त्यालाही सांगता येत नाही. इथे कॅटनिसपुढचा प्रश्न कोण जास्त आवडतो हा उरलेला नसतो. सूड धरून जगायचं की जे उरलंय ते जपून, हा असतो. गेल दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीवर निघून जातो. बेचिराख झालेल्या आपल्या बाराव्या जिल्ह्यात कॅटनिस परतते, आणि काही दिवसांनी पीटा येऊन तिच्या घराच्या कडेने प्रिमरोझची झुडपं लावतो.