रोमचें चांदीचें नाणें व टांकसाळीचे अधिकारी

संस्कृत ग्रंथांत आढळणारा 'दीनार' हा शब्द रोमन लोकांच्या 'देनारियस' नामक नाण्यावरून आलेला आहे. इ. स. पू. २११ च्या सुमारास, हॅनिबलशीं चाललेल्या युद्धाच्या ऐन धामधुमींत, हें चांदीचें नाणें प्रथम पाडण्यांत आलें. एका बाजूस शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, दुसऱ्या बाजूस घोडे उधळीत जाणारे कॅस्टर व पोलक्स हे जुळे देव आणि खालीं नगराचें नांव. अधिकाऱ्याच्या नांवाला तेथें जागा नव्हती.

टांकसाळ कॅपिटोल टेकडीवर ज्यूनो मोनेटा देवीच्या देवळाजवळ होती. (इंग्रजींतील 'मनी' हा शब्द या देवीच्याच नांवाचा वंशज.) तिची देखरेख तीन तरुण अधिकाऱ्यांकडे असे. पद लहान, राजकारणांत शिरूं पाहणाऱ्या कुलीन मुलांची ती पहिली पायरी. परंतु ठसा हातीं आल्यावर मोह कोणास आवरतो? आधीं कोपऱ्यांत एखादें चिन्ह आलें, मग नांवाचीं अक्षरें, पुढें पुरें नांव आणि अखेर पूर्वजही आले. इ. स. पू. ८२ मध्यें गायस मामिलियस लिमेटानस यानें नाण्यावर युलिसीस काढविला. वीस वर्षांनीं परतलेल्या धन्याला ओळखणारा म्हातारा कुत्रा त्याच्यासमोर उभा आहे. चित्र हृद्य खरें, पण हेतु निराळा होता: मामिलियस घराणें आपला वंश युलिसीसच्या पुत्रापासून सांगे!

इ. स. पू. ५४ च्या सुमारास मार्कस ब्रूटस या पदावर होता. त्यानें एका नाण्यावर स्वातंत्र्यदेवता आणि रोमच्या राजांना हांकलून देणारा आपला पूर्वज ल्यूशियस ब्रूटस हीं कोरविलीं. पाँपीचें वाढतें वर्चस्व पाहणाऱ्या नागरिकांना त्याचा अर्थ सांगावा लागला नसेल. 

जिवंत माणसाचा मुखवटा नाण्यावर घालणें ही पूर्वेकडील राजांची रीत. इ. स. पू. ४४ च्या आरंभीं रोमच्या टांकसाळींत ती सीझरसाठीं प्रथम स्वीकारली गेली. अधिकाऱ्यांत मार्कस मेटियस हा एक होता. लवकरच, १५ मार्च रोजीं, सीझरचा वध झाला. मारेकऱ्यांत ब्रूटस होता. पुढें सैन्याचा पगार भागविण्यासाठीं त्याच्या छावणींतही नाणीं पडूं लागलीं. इ. स. पू. ४२ च्या नाण्यावर दोन खंजीर, त्यांमध्यें दास्यमुक्तांची टोपी आणि त्या मार्चमधील दिवसाचें नांव आहे. दुसऱ्या बाजूस ना देवी, ना पूर्वज. राजसत्तेच्या या वैऱ्यानें तेथें स्वतःचाच मुखवटा घातला. त्याच वर्षीं फिलिपीच्या रणांत पराभूत होऊन त्यानें आत्महत्या केली.