वजनघट (वेष्टित मालाची)

छापील किंमत कायम ठेवून पुड्यातील माल कमी करण्याची व्यापारी पद्धत. 5 व 10 रुपयांच्या पुड्यांची किंमत वाढवल्यास खप घटतो, म्हणून कात्री वजनाला लागते. 2022 मध्ये युक्रेन युद्ध व इंडोनेशियाची पामतेल निर्यातबंदी यांनी खाद्यतेलाची टंचाई झाली, तेव्हा बिस्किटे, फरसाण, साबण यांचे पुडे हलके झाले (पहा : चलनवाढ). वेष्टित वस्तू नियम, 2011 च्या दुसऱ्या अनुसूचीत बिस्किटे, चहा इत्यादींची वजने ठरवून दिलेली होती. 2021 च्या दुरुस्तीने ती अनुसूची वगळली आणि दर ग्रॅम वा किलोची किंमत छापणे बंधनकारक केले (पहा : वैध मापनशास्त्र). पुणे-सोलापूर रस्त्यावरील लोणी काळभोर (ता. हवेली) येथील किराणा दुकानांसारख्या ठिकाणी सुट्या डाळ-तांदळात दरवाढ भावातच दिसते, पुड्यात ती वजनात दडते. निव्वळ वजन अचूक छापलेले असल्यास वजनघट गुन्हा ठरत नाही.