तळटीप १४ : ‘जेबॉसच्या पोटातला टॉमकॅट’

१४. टॉमकॅट हा जावा सर्व्हलेट चालवणारा मुक्तस्रोत वेब कंटेनर. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये त्याचा कोड अपाचेकडे सोपवला. ईजेबी (एंटरप्राइज जावाबीन्स) सांभाळणे त्याच्या आवाक्यात नाही, ते काम जेबॉससारख्या ॲप्लिकेशन सर्व्हरचे. दोघे एकाच जेव्हीएममध्ये (जावाच्या आभासी यंत्रात) नांदले, की सर्व्हलेटने ईजेबीला दिलेली हाक नेटवर्कवरून न्यावी लागत नाही. लेखकाला मिसिसागात (टोरांटोलगतचे, १९७४ पासूनचे शहर) रात्ररात्र जागवणारे दुखणे बहुधा क्लासलोडरचे (क्लास स्मृतीत आणणाऱ्या भागाचे) असावे : एकच क्लास दोन लोडरांनी वेगवेगळा उचलला, तर नाव तेच असूनही ‘क्लासकास्ट एक्सेप्शन’ येते. जेबॉस ४ मध्ये टॉमकॅट आधीच बसवलेला असे. पुढे जेबॉसचा वाइल्डफ्लाय झाला आणि २०१४ च्या आठव्या आवृत्तीपासून ती जागा अंडरटो या वेब सर्व्हरने घेतली. — संपा.