मुंबई इलाख्यातील इंग्रजीचे अध्यापन : भाषांतर पद्धती आणि प्रत्यक्ष पद्धती

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबई इलाख्यातील विद्यार्थी सामान्यतः मराठी चौथी उत्तीर्ण झाल्यावर ‘इंग्रजी पहिली’त दाखल होई आणि सात इयत्ता पार करून मॅट्रिकला, म्हणजे मुंबई विद्यापीठाने १८५९ साली सुरू केलेल्या प्रवेशपरीक्षेला, बसे. मराठीतच सातवीपर्यंत शिकणारे ‘व्हर्नाक्युलर फायनल’ देऊन बहुधा प्राथमिक शिक्षकाची किंवा कनिष्ठ कारकुनाची नोकरी धरत. महाविद्यालय, वकिली आणि वरच्या सरकारी जागा यांची वाट मात्र इंग्रजीतूनच जात असे. वरच्या इयत्तांत गणित आणि इतिहासही इंग्रजीतून शिकवले जात असल्याने ही भाषा एकाच वेळी विषय आणि माध्यम अशा दोन्ही भूमिका बजावत होती. लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीतील १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावाने मातृभाषेचा पाया पक्का होण्यापूर्वी इंग्रजी शिकवू नये आणि साधारण तेराव्या वर्षापूर्वी तिला माध्यम करू नये, असे धोरण मांडले.

वर्गातील रूढ रीत भाषांतर पद्धतीची होती. मुले ‘सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ असे स्पेलिंग आणि अर्थ एका सुरात घोकत, नियम पाठ करत आणि मग मराठी वाक्यांचे इंग्रजी व इंग्रजी वाक्यांचे मराठी करत. तर्खडकरांची ‘भाषांतर पाठमाला’ याच क्रमावर उभी असून ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. पुढच्या इयत्तांत नेस्फील्डच्या व्याकरणाधारे ‘पार्सिंग’, म्हणजे वाक्यातील प्रत्येक शब्दाची जात, रूप आणि कार्य सांगणे, हा व्यायाम चाले.

युरोपातून आलेल्या ‘प्रत्यक्ष पद्धती’ने या रीतीला आव्हान दिले. शब्द आणि वस्तू यांच्यामध्ये मातृभाषा येऊ न देणे, हे तिचे मुख्य सूत्र होते; शिक्षक दार उघडता उघडता ‘आय ॲम ओपनिंग द डोअर’ म्हणे आणि मुलांनी कृतीवरूनच अर्थ उमजून घ्यावा, अशी अपेक्षा असे. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात काम केलेले पी. सी. रेन हे या पद्धतीचे पुरस्कर्ते होते आणि त्यांनी तिच्यावर पुस्तकही लिहिले. तथापि भारतीय विद्यार्थ्यांच्या स्मरणात त्यांचे नाव राहिले ते १९३० च्या दशकातील ‘रेन आणि मार्टिन’ या व्याकरणाच्या पुस्तकामुळे.

प्रत्यक्ष पद्धतीला अस्खलित बोलणारा शिक्षक आणि आटोपशीर वर्ग लागे. माध्यमिक शिक्षकांसाठी मुंबईत १९०६ साली प्रशिक्षण महाविद्यालय निघाले, तरी गावोगावच्या शाळांना पुरतील इतके प्रशिक्षित शिक्षक मिळणे दुरापास्त होते. शिवाय मॅट्रिकचा निकाल लेखी उत्तरांवर ठरत असल्यामुळे संभाषणावर खर्च केलेला तास शिक्षकाला आणि पालकालाही वाया गेल्यासारखा वाटे. बंगालमध्ये मायकेल वेस्ट यांनी १९२६ च्या सुमारास याच परिस्थितीचा वेगळा विचार केला. बहुसंख्य मुले शाळा मध्येच सोडतात, तेव्हा त्यांच्या पदरी निदान वाचनाचे सामर्थ्य पडावे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

भाषांतर पद्धतीचे टिकून राहणे हा त्यामुळे केवळ शिक्षकांच्या सनातनीपणाचा परिणाम ठरत नाही. तिने बोलताना अडखळणारे विद्यार्थी घडवले हे खरे, परंतु दोन भाषांतील वाक्यरचना ताडून पाहण्याची सवयही तिनेच लावली. अध्यापनाची दिशा ठरवण्यात शिक्षणशास्त्रीय वादांपेक्षा प्रश्नपत्रिकेचाच वाटा मोठा होता. परीक्षा जे मोजत नव्हती, ते वर्गात फार काळ टिकू शकले नाही.